एक ‘च’

माझी बहीण सांगलीत दिलीय. आम्ही वाईचे. त्यामुळे पावसाळा लागला की आमच्या घरात दोन जिल्ह्यांचं भांडण ठरलेलं. दाजी फोनवर म्हणायचे, “तुम्ही सातारकर धरणं तुडुंब भरून ठेवता आणि एका रात्रीत दारं उघडता. बुडतो आम्ही.” मी म्हणायचो, “दाजी, नदी आमच्या दारावरनं येते, एवढाच आमचा गुन्हा.” २०१९ च्या महापुरानंतर मात्र त्यांनी आम्हाला माफ करून टाकलं. त्यांना दुसरा आरोपी सापडला होता.

त्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली. पूल १९२९ चा. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना खुशाली विचारत नाहीत, “आयर्विनला किती?” असं विचारतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. त्याच्याही वर साडेबारा फूट पाणी चढलं होतं. बहिणीचं घर कर्नाळ रस्त्याच्या बाजूला, एका नव्या कॉलनीत. तळमजला बुडाला. भाची तेव्हा सहावीत होती. तिला बोटीतून काढलं आणि पाणी उतरल्यावर महिनाभर ती आमच्याकडं वाईला राहिली. रात्री नळ जरी गळत असला तरी उठून बसायची.

त्याच दिवसांत सांगली जिल्ह्यातल्याच आटपाडी-जतकडं पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरत होते. एकाच जिल्ह्यात एकीकडं बोटी, दुसरीकडं टँकर. म्हणजे सांगलीला बुडवणारं बहुतेक पाणी सांगलीच्या आभाळातनं पडलेलं नव्हतं. ते महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरच्या डोंगरातनं उतरलं होतं. हे लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

दाजींचा नवा आरोपी म्हणजे कर्नाटकातलं अलमट्टी धरण. १२३ टीएमसीचं. त्याचा फुगवटा मागं मागं सरकत सांगलीपर्यंत येतो आणि वरून येणाऱ्या पाण्याला पुढं जायला वाटच राहत नाही, हे त्यांचं म्हणणं. एकट्या त्यांचं कशाला, अर्ध्या सांगलीचं. चहाच्या गाड्यावर दुसरं काही बोललात तर चहा गार मिळेल.

तर ही भाची आता कॉलेजात गेली. बोलायला पहिल्यापासून तिखट. दिवाळीच्या सुट्टीत वाईला आली ती वादविवाद स्पर्धेचं भाषण घेऊनच. विषय होता, ‘महापुराला अलमट्टीच जबाबदार आहे’. चिठ्ठीत तिला अनुकूल बाजू आली होती. तिला वाटलं, लॉटरीच लागली.

आमचे आबा आता ऐंशीचे. वाईतल्या एका छापखान्यात त्यांनी उभी हयात मुद्रितशोधक म्हणून काढली. वाई हे विश्वकोशाचं गाव. १९७६ मध्ये मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला तेव्हा आबा तिशीत होते. ते विश्वकोशात कधी नव्हते, लग्नपत्रिका आणि सोसायट्यांचे अहवाल तपासायचे. पण गावाचा वारा लागायचा तो लागलाच. लग्नपत्रिकेतली तिथी आणि वार जुळतात का, हे पंचांग काढून बघितल्याशिवाय ते प्रूफ परत देत नसत. मालक वैतागायचे.

ओसरीवर भाचीनं भाषण वाचलं. छान वाचलं. ‘अलमट्टी नावाच्या राक्षसानं आमच्या संसाराचा घास घेतला’ या वाक्याला माझ्या बायकोनं डोळे पुसले. आबांनी हात पुढं केला. “कागद दे.” कानावरची लाल पेन्सिल काढली. दहा मिनिटांनी कागद परत आला तेव्हा समासात अकरा ठिकाणी एकच शब्द होता, ‘कशावरून?’ राक्षसाभोवती गोल. आणि विषयाच्या ओळीत, अलमट्टीपुढच्या ‘च’ खाली दोन रेघा.

“आबा, हे भाषण आहे, प्रूफ नाही.”

“बरं. मग या ‘च’ला किती पुरावा लागेल, सांग.”

“म्हणजे?”

“अलमट्टी जबाबदार आहे, असं म्हणालीस तर एकाचा गुन्हा दाखवून सुटशील. अलमट्टी‘च’ म्हणालीस की बाकीच्या सगळ्यांना निर्दोष सोडावं लागतं. कोयनेला सोड. वारणेला सोड. पावसाला सोड. नदीच्या पोटात घरं बांधली त्यांना सोड. एवढ्या सगळ्यांना तू जामीन राहणार आहेस?”

भाची फणफणली. “पण आबा, धरण २००५ ला पुरं झालं आणि त्याच वर्षी सांगलीत महापूर आला. हा पुरावा नाही?”

“कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढाच पुरावा आहे. त्या जुलैत मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईच्या पुढं कुठलं अलमट्टी होतं?”

आम्ही सगळे हसलो. ती नाही हसली. थोडा वेळ कागदाकडं बघत बसली आणि म्हणाली, “आबा, मुंबईत पाऊस पडला म्हणून अलमट्टी कशी सुटेल? फार तर त्या साली पाऊस जबर होता, एवढं कळतं. पाऊस आणि अलमट्टी दोन्ही खरं असू शकतं की.”

आबांनी पेन्सिल खाली ठेवली. माझ्याकडं बघून म्हणाले, “हिला चहा टाकायला सांग. आता ही प्रूफ वाचायला लागली.”

मला विचाराल तर तिची खरी तयारी इथंच सुरू झाली. समोरच्याची चूक पकडणं सोपं असतं. टाळ्या पडलेल्या वाक्यातली चूक पकडायची, तीही आपल्याच आजोबांच्या, याला जरा छाती लागते.

रात्री जेवताना आबांनी फर्मान काढलं. “उद्या सकाळी तू कर्नाटकचा इंजिनिअर. मी सांगलीकर.”

“मी कशाला त्यांची बाजू मांडू?”

“अगं, तू कुठल्या गावात बसलीयस?” आणि मग आबांचं आवडतं सुरू झालं. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत मीमांसा शिकवायचे, तिथं वाद मांडायची एक ठरलेली रीत होती. आधी विषय सांगायचा. मग संशय कुठं आहे ते सांगायचं. मग पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं. आणि ते असं मांडायचं की वाचणाऱ्याला वाटावं, झालं, हेच बरोबर. त्यानंतर आपलं उत्तर. “पूर्वपक्ष लंगडा मांडलास तर उत्तरही लंगड्यालाच दिल्यासारखं होतं,” आबा म्हणाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेत वाढले. १९३० च्या दशकात अस्पृश्यतेच्या विरोधात ते उभे राहिले तेव्हा समोर शास्त्र कोळून प्यालेले पंडित होते. तिथं नुसत्या कळवळ्यानं भागलं नसतं. ज्या ग्रंथांवर ते पंडित उभे, त्याच ग्रंथांत उतरून शास्त्रीबुवांनी उत्तर दिलं. १९३३ साली गांधीजींचा मुलगा देवदास आणि राजाजींची मुलगी लक्ष्मी यांचं आंतरजातीय लग्न पुण्यात लागलं, ते त्यांनीच लावलं. “शिव्या द्यायला शास्त्री लागत नाही,” हे आबांचं त्यावरचं भाष्य.

सकाळी भाची इंजिनिअर झाली. रात्री माझ्या लॅपटॉपवर बराच वेळ बसली होती, हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

“आमच्या धरणाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर,” ती म्हणाली. “सांगली शहर साधारण ५५० मीटरवर. पाणी ३० मीटर चढ चढून तुमच्या घरात येतं का? दुसरं, २०१९ च्या पुरात आम्ही पाच लाख क्युसेकच्या पुढं पाणी खाली सोडत होतो. अडवलं कुठं? तिसरं, आम्हाला काय विचारता, तुमच्याच सरकारला विचारा. महाराष्ट्र सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिनं २०२० मध्ये अहवाल दिला. अतिवृष्टी, नदीपात्रातली अतिक्रमणं यांवर बोट ठेवलं. अलमट्टीच्या फुगवट्यामुळं सांगलीचा पूर आला, असं ती म्हणत नाही. आणि चौथं, तुमच्या सांगलीच्या खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. तीच फुगलेली असेल तर कृष्णा तिथंच थबकते. ते आमचं धरण नव्हे.”

आबा सांगलीकर म्हणून बोलायला बसले होते. बोललेच नाहीत. हातातला चहाचा कप तसाच.

तिचा चेहरा मात्र पडला. “मामा, माझी बाजू गेली की.”

“कोयनेचं तरी राहिलंय,” मी म्हणालो. मी सातारकर, मला आमचीही झाडाझडती हवी होती. मग आम्ही दोघांनी हिशेब केला. एका सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक. शंभर कोटी घनफूट म्हणजे एक टीएमसी. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे लाख क्युसेकनं चोवीस तास पाणी आलं तर ८.६४ टीएमसी. कोयना एकूण १०५.२५ टीएमसीची. समजा तिच्यात २० टीएमसी जागा राखून ठेवली, तर लाख क्युसेकचा लोंढा ती दोन दिवस आणि वर काही तास पोटात घेऊ शकते. मग दारं उघडावीच लागतात. पण ते दोन-सव्वादोन दिवस काही थोडे नव्हेत. आमच्या बहिणीला तेवढ्यात फ्रीज, धान्य आणि म्हातारी सासू वर नेता आली असती. म्हणजे ‘कोयना आधीच रिकामी का नाही ठेवली?’ हा प्रश्न खोटा नाही, आणि त्याचं उत्तर ‘ठेवली असती तर पूर आलाच नसता’ असंही नाही. शिवाय कोयना रिकामी ठेवायची आणि पुढं पाऊस नाही आला, तर वीज आणि उन्हाळ्यातलं पाणी दोन्हींची पंचाईत. वर्षानुवर्षं दाजींशी भांडताना या गणिताला मी कधी हात लावला नव्हता. त्यांनीही लावला नव्हता. पाच मिनिटांचं काम होतं.

दुपारी आबा आम्हाला शेताकडं घेऊन गेले. उसाला पाटानं पाणी चालू होतं. त्यांनी पाटात एक मोठं ढेकूळ टाकलं. पाणी ढेकळामागं फुगलं. “आता बघ. ढेकळाच्या डोक्याची उंची धर आणि मागं बघत जा. फुगलेलं पाणी परातीतल्यासारखं सपाट आहे?” नव्हतं. वाहतं पाणी मागं मागं जरा चढतंच होतं. वरच्या वाफ्यातलं दार मी आणखी उघडलं तसा चढ वाढला. इंजिनिअरचं ५१९.६० हे थांबलेल्या पाण्याचं माप झालं. लाखो क्युसेक वाहत असताना धरणामागचं पाणी एका पातळीत राहत नाही, उताराचं राहतं. म्हणजे नुसती दोन उंच्यांची वजाबाकी करून इंजिनिअरही सुटत नाही.

“मग फुगवटा सांगलीपर्यंत येतो?” तिनं आशेनं विचारलं.

आबा पाटाच्या कडेनं मागं चालत गेले. दहा-बारा पावलांवर थांबले. तिथं पाणी आपल्या मूळच्या चालीनं येत होतं, ढेकळाचा त्याला पत्ताही नव्हता. “ढेकळाचा जाच इथवर. नदीत तो कुठवर, हे ढेकूळ बघून कळत नाही, मोजून कळतं. वडनेरे समिती म्हणते सांगलीपर्यंत नाही. ते न पटणारे अभियंतेही सांगलीत आहेत, गाळ साचून पात्र उथळ झालंय म्हणतात. दोघांचंही सांग.”

परत येताना ती काही बोलली नाही. संध्याकाळी तिनं जुनं भाषण मधोमध फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूंवर नवं लिहायला घेतलं. आमच्याकडं कागद टाकत नाहीत.

आता तिचं म्हणणं लहान झालं होतं. महापूर अलमट्टीनंच आणला असं मी म्हणत नाही, पण अलमट्टी सुटली असंही म्हणत नाही. कृष्णा पाणीतंटा लवादानं २०१० मध्ये धरणाची पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला मुभा दिलीय. म्हणजे साडेचार मीटरच्या वर वाढ. फुगवटा सांगलीपर्यंत येत नाही असं आज कुणी म्हणत असेल, तर ते आजच्या पातळीचं झालं. वाढलेल्या पातळीला तो कुठवर येईल, हे दोन्ही राज्यांनी एकत्र मोजून सगळ्यांपुढं ठेवल्याशिवाय दार एक इंचही उंच करू नका. मोजायची जबाबदारी उंची वाढवणाऱ्याची, बुडणाऱ्याची नव्हे. एवढंच. राक्षस गेला. माझ्या बायकोचे डोळे कोरडे राहिले, पण तिनं विचारलं, “खरंच, मोजलं का नाही कुणी दोघांनी मिळून?” आधीच्या भाषणानं ती रडली होती. या भाषणानं ती विचारती झाली.

रात्री उशिरा भाचीनं मला हाक मारली. लॅपटॉपवर सांगलीच्या पूररेषांचा नकाशा होता. निळी रेषा, म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. तिचं बोट कर्नाळ रस्त्यावरून सरकत सरकत एका चौकोनावर थांबलं.

“मामा, आमचं घर निळ्या रेषेच्या आत आहे.”

दाजींनी ते घर कर्ज काढून बांधलं होतं. प्लॉट स्वस्त पडला म्हणून सगळ्या पाहुण्यांत त्यांचं कौतुक झालं होतं, मीही केलं होतं. स्वस्त का पडला, असं कुणी विचारलं नव्हतं. आबांची लाल पेन्सिल त्या दिवशी घरीच राहिली असावी.

“हे सांगू नकोस,” मी म्हणालो. मी तिचा मामा. माझं काम तेच होतं.

“समोरच्यानं विचारलं तर?”

“विचारणार नाही.”

“मामा, अतिक्रमणावर बोट ठेवणारा अहवाल मी वाचून दाखवणार आणि आपलं घर लपवणार?”

आबा आतल्या खोलीत जागे होते. आमचं बोलणं त्यांना ऐकू गेलं, कारण ते खोकले. पण बाहेर आले नाहीत.

स्पर्धेला मी आणि दाजी दोघंही गेलो. दाजी दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा सदरा. तिनं सुरुवातच केली, “मी अनुकूल बाजूनं बोलतेय, पण विषयातला ‘च’ मी सोडून देते, कारण त्याचा पुरावा माझ्याकडं नाही.” सभागृहात कुजबुज झाली. मग तिनं कर्नाटकच्या इंजिनिअरचं म्हणणं मांडलं, चारही मुद्दे, काही न लपवता. प्रतिकूल बाजूचा मुलगा हातातल्या चिठ्ठीवरचे मुद्दे एकेक करून खोडताना मला दिसला. त्याला बोलायला तिनं काही ठेवलंच नव्हतं. मग पाट आणि ढेकूळ. मग ५२४.२५६. आणि शेवटाकडं, आवाज न चढवता, “मी ज्या घरातून बोटीनं बाहेर पडले ते घर निळ्या पूररेषेच्या आत आहे. प्लॉट घेताना आम्ही नकाशा बघितला नाही. म्हणून या आरोपींच्या यादीत आमचंही नाव घाला. त्यानं अलमट्टीचं मोजमाप करायची गरज कमी होत नाही.”

मी दाजींकडं बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती.

तिला बक्षीस मिळालं नाही. पहिलं बक्षीस ज्याला मिळालं, त्याच्या भाषणात राक्षस होता. एक परीक्षक म्हणाले, “विषय दिलेला असताना त्यातला शब्द सोडून देणं म्हणजे बाजू सोडणं.” नियमाच्या दृष्टीनं ते चूक नव्हते, आणि तिचाही तसाच समज झाला असावा, कारण ती वाद घालायला गेली नाही. प्रतिकूल बाजूचा तो मुलगा मात्र जिन्यात भेटला आणि विचारत होता, “तो पूररेषेचा नकाशा कुठं मिळतो?” त्याचं घर हरिपूर रस्त्याला होतं.

घरी जाताना गाडीत कुणी बोललं नाही. आयर्विन पूल लागला तेव्हा दाजींनी सवयीनं खिडकीतून खाली बघितलं. दिवाळीनंतरची कृष्णा, पात्रात तळाला गेलेली, कडेला कुणीतरी म्हशी धूत होतं.

घरात शिरल्यावर ते हॉलमध्ये तसेच उभे राहिले. २०१९ नंतर त्यांनी त्या भिंतीला दोन वेळा रंग दिला होता. चिखलाची रेघ होती ती जागा आता कुणालाही सांगता येणार नाही, एवढी गुळगुळीत.

“पाणी नक्की कुठवर होतं गं?” त्यांनी विचारलं.

“पंख्यापर्यंत,” बहीण आतून म्हणाली. आम्ही सगळे गेली सहा वर्षं असंच म्हणत आलो होतो.

“पंख्यापर्यंत कशावरून?”

भाचीनं माझ्याकडं बघितलं. दाजी कपाटाकडं गेले, वरच्या फळीवरनं त्यांनी मोबाईलमधले जुने फोटो असलेला पेन ड्राइव्ह काढला, आणि मग शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधनं टेप. तिच्या हातात टेपचं एक टोक दिलं.

“खाली फरशीला टेकव,” ते स्टुलावर चढत म्हणाले. “आणि सरळ धर.”